वावर कुणाचं, हवाईपट्टी कुणाची?

पांदण (साप्ताहिक सदर)

वर्ध्याजवळच्या नालवाडीत विमान कधी उतरलं नाही. उतरेल अशी जागाही इथे कुणी राखली नाही. १९३० च्या दशकात या गावात उभं राहिलं ते चर्मालय, चरखे आणि ग्रामसेवा मंडळ. १९३२ च्या अखेरीस विनोबा इथे राहायला आले. मेलेल्या जनावराचं कातडं कमावण्याचा, सवर्णांना नाक मुरडायला लावणारा उद्योग गोपाळराव वाळुंजकरांनी इथेच रुजवला. १९३८ मध्ये प्रकृती पार ढासळल्यावर विनोबा नागपूर रस्त्यावरच्या पवनारला गेले. अशा गावात बसून युद्धकाळातल्या हवाईपट्ट्यांवर स्तंभ लिहायचा म्हणजे भजनी मंडळात रणवाद्यं वाजवण्यासारखं आहे, हे मला मान्य आहे. तरी लिहितो, कारण या विषयाची एक जुनी तार वर्ध्यातूनच जाते आणि ती कुणी ओढून पाहिलेली नाही.

आपल्याकडे १९४२ म्हटलं की आष्टी-चिमूर. १६ ऑगस्टला हुतात्म्यांना मानवंदना होते, शाळेतली पोरं प्रभातफेरी काढतात, भाषणं होतात. व्हायलाच हवीत. पण त्याच वर्षी, त्याच मुलखात, एक महायुद्धही चालू होतं. घराघरात त्याची आठवण 'कंट्रोल', रॉकेलची टंचाई आणि रांग एवढ्यापुरती उरली. रंगून मार्च १९४२ मध्ये पडलं आणि जपानी सैन्य भारताच्या पूर्व सीमेकडे सरकू लागलं, तेव्हा मुंबईहून कलकत्त्याकडे जाणाऱ्या आकाशाच्या वाटेवर नागपूर मधोमध होतं. तिथला सोनेगावचा तळ पहिल्या महायुद्धाच्या शेवटाकडचा, १९१७-१८ चा. दुसऱ्या महायुद्धात तिथल्या जुन्या इमारती दुरुस्त करून रॉयल एअर फोर्सने तो मधल्या मुक्कामाचा तळ केला. गोंदियाजवळची बिरसीची धावपट्टी इंग्रजांनी १९४० मध्ये बांधली. अकोल्याची शिवणीची पट्टी १९४३ ची, सार्वजनिक बांधकाम खात्याने केलेली. सीमाभागात बेळगावजवळचं सांबरा १९४२ चं.

आज यातलं प्रत्येक ठिकाण विमानतळ म्हणून चर्चेत असतं. बिरसीला वैमानिक शिकतात आणि मार्च २०२२ मध्ये प्रवासी विमानही उडालं. शिवणीची पट्टी वाढवायची तर कृषी विद्यापीठाची जमीन लागते, म्हणून तो प्रश्न वर्षानुवर्षं बैठकांमध्ये फिरला. सोनेगावविषयी नागपूरकर अभिमानाने सांगतात ती रात्रीच्या टपाल विमानांची गोष्ट. १९४९ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास अशा चारही दिशांनी विमानं रात्री नागपुरात यायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या गावी परतायची. गोष्ट छानच आहे. पण १९४९ च्या आधीची सात-आठ वर्षं विचारली की सांगणारा गप्प होतो. आणि धावपट्टीखाली कुणाचं वावर गेलं हे विचारलं तर उलट आपल्याकडेच संशयाने पाहतो.

ही तार वर्ध्यात कशी येते ते आता सांगतो.

जुलै १९४२ मध्ये काँग्रेसची कार्यकारिणी वर्ध्यात बसली. १४ जुलैला इंग्रजांनी भारत सोडावा असा ठराव झाला. तो इतिहासाच्या प्रत्येक पुस्तकात आहे. पण त्याच बैठकीत दुसरा एक ठराव झाला आणि तो मात्र पुस्तकांच्या समासातही सापडत नाही. सरकार लष्करी कामासाठी गावं रिकामी करतं, जमिनी, घरं, नावा ताब्यात घेतं आणि धड नोटीसही देत नाही, अशा तक्रारी ठिकठिकाणांहून येत होत्या. त्यावर लोकांनी काय मागावं हे कार्यकारिणीने त्यात सांगितलं. मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा राजकीय ठराव वाचतोय असं वाटलंच नाही. ज्याचं स्वतःचं वावर गेलंय अशा माणसाने बसून लिहिल्यासारखा तो आहे. जमिनीबरोबर झाडं, विहिरी आणि पाण्याचे पाट यांचीही किंमत धरा. शक्य तिथे जमिनीच्या बदल्यात जमीनच द्या. जमीन तात्पुरती घेतली असेल तर बुडालेल्या प्रत्येक पिकाची पूर्ण किंमत आणि वर पंधरा टक्के द्या. ताबा सुटेल तेव्हा ती जमीन पुन्हा पेरणीजोगी करायचा खर्चही द्या. बहुतेक वावर गेलं आणि उरलेला तुकडा कसण्याजोगा राहिला नाही, तर तोही सरकारने घ्यावा. भरपाई जिल्ह्याच्या ठिकाणी खेटे घालायला न लावता जागेवर, जबाबदार अधिकाऱ्याने द्यावी. रकमेवर वाद असेल तर निकालापर्यंत सरकारने ठरवलेली रक्कम तरी अडवून धरू नये.

ज्यांनी भूसंपादनाच्या कचेरीत चपला झिजवल्या आहेत त्यांनी ही शेवटची दोन वाक्यं पुन्हा वाचावीत. ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वीची ही मागणी समृद्धी महामार्गाच्या कडेला उभं राहूनही जुनी वाटत नाही.

पुढे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. ९ ऑगस्टला पहाटे नेते तुरुंगात गेले आणि हा ठराव पुढे रेटायला बाहेर कुणी उरलं नाही. विनोबांनी तर त्याच्या दोन वर्षं आधी, १७ ऑक्टोबर १९४० ला, पवनारहून वैयक्तिक सत्याग्रहाची सुरुवात करून या युद्धाला माणसांची किंवा पैशाची मदत करणं चूक आहे असं जाहीर सांगितलं होतं आणि चार दिवसांत अटक करून घेतली होती. बिरसीची धावपट्टी त्याच सालची. युद्धाला मदत नको म्हणणारा माणूस वर्ध्याजवळ आणि युद्धाला जमीन पुरवणारं गाव गोंदियाजवळ, दोन्ही एकाच प्रांतात. फरक इतकाच की पवनारच्या माणसाला नाही म्हणता आलं. बिरसीच्या कास्तकाराला कुणी विचारलं होतं का?

सरकारच्या हाती कायदा होता. भारत संरक्षण कायदा १९३९ चा, आणि त्याखालच्या नियमावलीतला ७५-अ हा नियम स्थावर-जंगम मालमत्ता ताब्यात घ्यायची मुभा देणारा. हा ताबा म्हणजे संपादन नव्हे. संपादनात मालकी जाते, ताब्यात वापर जातो आणि गरज संपली की वस्तू परत यायला हवी. निदान कागदावर तरी तसं आहे. युद्ध संपलं, पण ताबा सुटायच्या ऐवजी ताबा चालू ठेवणारा कायदा १९४७ मध्ये आला आणि १९५२ मध्ये सरकारला मालमत्ता ताब्यात घ्यायचा व संपादन करायचा नवा कायदा आला. इंग्रज गेले, ताबा राहिला. कुठल्या गावात तो संपादनात बदलला, कुठे पैसे मिळाले, कुठे नुसती पावती मिळाली, हे गावागणिक वेगळं आहे. म्हणूनच ते गावातच शोधावं लागतं.

विदर्भात यात आणखी एक मेख आहे. अकोला वऱ्हाडातलं, म्हणजे रयतवारी; खातेदाराचं नाव सरकारदरबारी थेट लागलेलं. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात, जुन्या मध्य प्रांतात, म्हणजे मालगुजारी आणि जमीनदारीचा मुलूख. तिथे नांगर एकाचा आणि गावाचा सातबारा म्हणावा तो कागद दुसऱ्याच्या नावाचा. ही पद्धत कायद्याने मोडली १९५०-५१ मध्ये, म्हणजे धावपट्टी झाल्यावर दहा वर्षांनी. मग १९४० मध्ये भरपाई द्यायची झाली असेल तर ती मालगुजाराच्या वाड्यावर थांबली की कुळाच्या झोपडीपर्यंत गेली? निस्ताराची, म्हणजे गुरं चारायची, लाकूडफाट्याची, गावाची सामाईक जमीन गेली असेल तर तिचे पैसे कुणी मागितले? विमानाच्या पंखांची लांबी मोजणाऱ्या इतिहासकाराला हे प्रश्न सुचत नाहीत. बंदोबस्ताची जुनी मिसल उघडणाऱ्याला पहिल्या पानावरच सुचतील.

राज्यात या प्रश्नाने रस्त्यावर येऊन आवाज केला तो कल्याणजवळच्या नेवाळीत. महायुद्धात इंग्रजांनी तिथे धावपट्टी केली, आसपासच्या गावांची जमीन घेतली. बातम्यांत सोळाशे-सतराशे एकरांचा आकडा येत राहिला. युद्ध संपल्यावर जमीन परत मिळेल असं सांगितलं होतं, हे तिथली कुटुंबं पिढ्यान् पिढ्या सांगत आली आणि मधल्या काळात अनेकांनी ती जमीन कसलीही. मालकी संरक्षण खात्याची, हे सरकारचं म्हणणं. नौदलाने कुंपणाची भिंत घालायला घेतली आणि २२ जून २०१७ ला तिथे भडका उडाला. पोलिसांच्या गाड्या जळल्या, पोलिसांनी छऱ्यांच्या बंदुका चालवल्या, दोन्ही बाजूंची माणसं जखमी झाली. हिंसेचं समर्थन करायचं कारण नाही. पण त्या दिवसानंतर एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली. महाराष्ट्रात युद्धकाळातल्या हवाईपट्टीचा इतिहास खऱ्या अर्थाने कुणी जपला असेल तर तो नेवाळीच्या शेतकऱ्यांनी. त्यांच्याकडे ना संग्रहालय आहे, ना बिल्ला, ना अनुदान. आजोबांच्या नावचा जुना उतारा, नोटिशीचा पिवळा पडलेला कागद, 'आमचा धुरा त्या निंबाजवळ होता' हे तोंडी ठरलेलं वाक्य, एवढंच भांडवल. याला कुणी स्वयंसेवा म्हणत नाही, गरज म्हणतात. पंच्याहत्तर वर्षं एका धावपट्टीची आठवण बिनपगारी सांभाळणाऱ्याला दुसरं काय म्हणायचं?

आता याच्या शेजारी इंग्लंडातलं एक उदाहरण ठेवून पाहा. नॉरफक परगण्यात थॉर्प ॲबट्स नावाचं खेडं आहे. १९४३ च्या जूनपासून तिथे अमेरिकन वायुदलाचा शंभरावा बॉम्ब ग्रुप होता. त्यांची इतकी विमानं पडली की 'रक्तबंबाळ शंभरावा' हेच त्यांचं नाव झालं. युद्ध संपलं, अमेरिकन गेले, जमीन शेतीकडे परतली. नियंत्रण मनोरा पडका झाला. १९७७ मध्ये आसपासच्या काही हौशी माणसांनी तो साफ करायला घेतला, जमीनमालकाने मनोरा भाडेपट्ट्याने दिला आणि काही वर्षांत तिथे संग्रहालय झालं. ते आजही स्वयंसेवकच चालवतात. तिथली माणसं आपल्यापेक्षा जास्त इतिहासप्रेमी आहेत, असं याचं स्पष्टीकरण नेहमी दिलं जातं. मला ते अर्धंच पटतं. जमीन परत मिळाली की आठवणीचं संग्रहालय होतं, जमीन अडकून राहिली की आठवणीचा खटला होतो. थॉर्प ॲबट्सच्या शेतकऱ्याला मनोरा देऊन टाकणं परवडलं, कारण भोवतालचं वावर त्याच्याकडे होतं.

आपल्या देशात स्वयंसेवकांनी हे काम मनापासून केल्याचं उदाहरण हवं तर इम्फाळला जावं लागेल. १९४४ च्या मार्च ते जुलैमध्ये जपानी सैन्याने इम्फाळला घातलेला वेढा विमानांच्या रसदीवर मोडला. कोहिमाचा रस्ता जवळजवळ तीन महिने तुटलेला असताना सगळा दाणागोटा आणि दारूगोळा त्या खोऱ्यातल्या धावपट्ट्यांवर उतरत होता. तिथल्या काही तरुणांनी दुसऱ्या महायुद्धातील इम्फाळ मोहिमेसाठी एक प्रतिष्ठान काढलं. डोंगरातले जुने मोर्चे शोधायचे, गावातल्या म्हाताऱ्यांना बोलतं करायचं, गंजलेली शिरस्त्राणं आणि पाण्याच्या बाटल्या जपायच्या, जिवंत बॉम्ब सापडला तर पोलिसांना कळवायचं, असं काम त्यांनी चालवलं. २०१९ च्या जूनमध्ये जपानच्या निप्पॉन प्रतिष्ठानच्या मदतीने तिथे शांतता संग्रहालयही उघडलं. मणिपूर पुढे २०२३ मध्ये स्वतःच पेटलं, हा भाग वेगळा. पण शत्रू कोण, आपण कुणाच्या बाजूने, हे प्रश्न तिथे आपल्यापेक्षा कितीतरी अवघड होते. इंग्रजांच्या फौजेतही भारतीय आणि आझाद हिंद फौजेतही भारतीय, आणि त्या फौजेचं मोइरांग तिथून जवळच. तरी त्यांनी दोन्हींकडच्या आठवणी गोळा केल्या. आपल्याला शिवणीत किंवा बिरसीत एवढीही कोंडी नाही.

यावर आमच्या गावातून आक्षेप येणार हे मी ओळखून आहे. गांधी-विनोबांच्या जिल्ह्याने युद्धाच्या खुणा कशाला कुरवाळायच्या? कुरवाळायला मी सांगतच नाही. लढाऊ विमानाचा सांगाडा चौकात उभा करून त्याखाली सेल्फीची जागा करण्याला माझा विरोध आहे. तो प्रकार बराच झाला. पण अहिंसेवर निष्ठा असलेल्या जिल्ह्याने युद्धाची किंमत कुणी मोजली याचा हिशेब ठेवू नये, हे कुठलं तत्त्वज्ञान? पुलगावचा दारूगोळा डेपो याच जिल्ह्यात आहे. आगरगाव, नागझरी ही कुंपणालगतच्या गावांची नावं राज्याला कळली ती ३१ मे २०१६ च्या स्फोटानंतर. लष्करी जमिनीच्या कडेला राहणाऱ्या माणसाची नोंद व्हायला स्फोटच लागावा, ही स्थिती बरी नाही.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसांचा. जुनं उकरलं तर लोक जमिनी परत मागतील, विमानतळाचं काम अडेल. बिरसीची पट्टी नांगरून तिथे धान लावा, असं कुणी शहाणा म्हणणार नाही, मीही नाही. गोंदियाला विमानतळ हवा आहे. पण इतिहास दडवला म्हणून मागणी मरत नाही, हे नेवाळीने दाखवून दिलंय. उलट काय घेतलं, काय दिलं, हे उघड नोंदलेलं असतं तर भिंत बांधायच्या आधी बोलणी झाली असती. कोल्हापूरचा विमानतळ १९३९ मध्ये राजाराम महाराजांनी सुरू केला, हे तिथलं शेंबडं पोरगंही सांगतं. राजाने विमानतळ बांधला तर राजाचं नाव लागतं. रयतेच्या जमिनीवर झाला तर रयतेच्या गावाचं नाव तरी लागावं. बिरसीचं लागलं, शिवणीचं लागलं. पण त्या नावामागची खाती कुठे आहेत?

शासनाने हे करावं असं म्हणून मोकळं होता येणार नाही, कारण कायदाच आड येतो. प्राचीन स्मारकाच्या केंद्रीय कायद्यात वास्तू निदान शंभर वर्षं जुनी लागते. त्या हिशेबाने १९४३ चा पहारेकऱ्याचा खोका किंवा पेट्रोलचं कोठार २०४३ पर्यंत नुसतं अतिक्रमणासारखं उभं राहील, तोवर टिकलं तर. पण पुरावस्तूंच्या १९७२ च्या कायद्यात ऐतिहासिक मोलाच्या कागदपत्राला पंच्याहत्तर वर्षं पुरतात. म्हणजे शिवणीची धावपट्टी कायद्याच्या दृष्टीने अजून जुनी झालेली नाही, पण त्या धावपट्टीसाठी कुणाला मिळालेली नोटीस २०१८ मध्येच जुनी झाली. इमारत नंतर बघू. आधी कागद.

आणि कागदाच्याही आधी माणसं. १९४३ मध्ये जो पोरगा दहा वर्षांचा होता तो आज नव्वदीच्या पुढे आहे. गिट्टी कुणी फोडली, मजुरी काय मिळाली, बायांना किती, बंडीचं भाडं काय, पहिलं विमान उतरलं तेव्हा गुरं कुठे पळाली, गोरे साहेब गावात यायचे का, यायचे तर कशासाठी, हे सांगू शकणारी माणसं आता एका हाताच्या बोटांवर असतील. त्यांना गाठायला संशोधकाची पदवी लागत नाही. मोबाइलवर आवाज मुद्रित करता येतो. गावातल्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या पोरांना दरवर्षी शिबिरात तोच रस्ता झाडायला लावण्यापेक्षा एक आठवडा या कामाला लावलं तर शिबिराचंही भलं होईल. फक्त पोरांना एक ताकीद द्यावी. आधी विमान विचारू नका, आधी वावर विचारा. विमानाची गोष्ट आपोआप येते. वावराची विचारल्याशिवाय येत नाही.

अकोला, गोंदिया, भंडारा इथल्या वाचकांना म्हणूनच विनंती आहे. घरात जुनी पेटी असेल तर उघडा. भारत संरक्षण नियमांखालची नोटीस, भरपाईची पावती, मालगुजाराशी झालेला लेखी व्यवहार, जुना फेरफार, काहीही सापडू शकतं. तलाठ्याकडे आणि तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून जुन्या नकला मागता येतात. नागपूरला राज्य पुराभिलेखाचं कार्यालय आहे, तिथे जुन्या मध्य प्रांताची दफ्तरं आहेत. विमानतळ प्राधिकरणाकडे मागणी एकच करा: बिरसी आणि शिवणीच्या प्रवेशदारी मराठीत एक फलक, त्यावर धावपट्टीचं साल आणि ज्याची जमीन गेली त्या प्रत्येक गावाचं नाव. त्याला भूसंपादन लागत नाही. आणि कागद सापडलाच तर त्याचा नीट फोटो काढा, दोन-तीन ठिकाणी ठेवा, पण मूळ प्रत कुणालाही देऊ नका. पुढाऱ्याला नाही, संग्राहकाला नाही आणि या सदरालाही नाही.

— 'पांदण'कार, नालवाडी (वर्धा)